पंचकल्याणीचे पाय

बिसराम कासाराच्या घोडीचे पाय तिरोड्यातल्या भल्याभल्यांच्या तोंडापेक्षा स्वच्छ असायचे. हे उगाच सांगत नाही. त्याची बायको सुमित्राच चारचौघींत तसं म्हणायची, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. "लग्न होऊन एवढी वर्सं झाली, मले कधी तांब्याभर पानी काढून देल्लं नाई या मानसानं," ती म्हणायची, "आन् त्या घोडीचे पाय पाहा. देवाले काय अभिषेक होत असन!"

बिसराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. घोडी होतीच तशी. अंगानं गडद तांबूस, पण चारही पाय गुडघ्याखाली पांढरेशुभ्र, आणि कपाळावर नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, आणि ज्याच्या दारात असं जनावर त्याचं भलंच होतं, असं जाणती माणसं सांगत. म्हणून बिसरामनं तिचं नाव कल्याणी ठेवलं. तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बांगड्यांचे पेटारे, आत काच धानाच्या वाळल्या तणसात गुंडाळलेली, आणि मधल्या बैठकीवर पाय वर ओढून, गुलाबी पागोटं घालून बसलेले कासारबुवा. इंग्रजाचं राज्य होतं. रेल्वे यायची, ठेसनावर बांगड्यांच्या पेट्या उतरवायची आणि धूर सोडत निघून जायची. पण त्या बांगड्या नागझिऱ्याच्या जंगलाकाठच्या टोल्यांवरच्या, चार-दहा घरांच्या वस्त्यांवरच्या, बाईच्या हातापर्यंत पोचवायच्या तर तिथं रेल्वेची काय मिजास! तिथं कल्याणीच लागायची.

आणि काय चालायची हो! नाला असो, पांदण असो, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरची, म्हणजे खाचरांमधल्या बांधावरची, वीतभर वाट असो, पाठीवर काच आहे हे तिला कळायचं. पाऊल आधी टेकवून बघायची, मग भार द्यायची. बिसराम बैठकीवर डुलक्या काढत जायचा आणि मुक्कामी पेटारा उघडला की बांगडी न् बांगडी शाबूत. दुसऱ्या कासारांना फुटतुटीचा हिशेब धरावा लागे. बिसराम फक्त मिशीवरून बोट फिरवायचा.

एकच खोड होती त्याला, आणि तिचा त्याला मोठा अभिमान होता. गावाच्या शिवेवर बोडी दिसली, म्हणजे आमच्याकडचं ते लहानसं तळं, की हा खाली उतरणार. घोडीला गुडघाभर पाण्यात घालणार, दोडक्याच्या वाळक्या जाळीनं चारही पाय खसाखसा घासणार, ते दुधासारखे दिसायला लागले की मगच गावात शिरणार. प्रत्येक गावाशी हेच. कारण बाया बांगड्या भरायला बसण्याआधी पंचकल्याणीच्या पांढऱ्या पायाला बोटं लावून आपल्या कपाळाला लावत. नवी नवरी असली तर तिला आधी तिथं नेत. "पाय मळके दिसले तं कायचं कल्यान?" बिसराम म्हणायचा. बैल-म्हशी वागवणारा आपला मुलूख. संध्याकाळी जनावर पाण्यात घालून घासून काढलं की ते सुखावतं, हे इथं लहान पोरालाही ठाऊक. मग घोडीला का सुखावू नये? बिसरामला कोणी चूक म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

त्या वर्षी पाऊस लागला तो लागलाच. आषाढ गेला, श्रावण लागला, सूर्याचं तोंड दिसेना. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात होता. रोवण्यात बाया काचेच्या बांगड्या काढून ठेवतात, कारण चिखलात एखादी फुटली तर तिचा तुकडा कोणाच्या तरी पायात जाणार. हातात पितळेची एखादी ठेवतात, तेवढंच अहेवपण. रोवणा आटोपला की मात्र भादव्यातल्या तीजेच्या सणापर्यंत मनगटं भरून घ्यायचीच. म्हणजे बिसरामचा सगळा धंदा नेमका चिखलाच्या दिवसांत. तो गावोगाव फिरत होता, आणि चिखल जास्त म्हणून घोडीचे पायही जास्त धूत होता.

आधी खुराच्या वरची, मागच्या खोबणीतली कातडी गुलाबी झाली. मग तिथं तांदळाच्या कण्यांएवढ्या खपल्या धरल्या. बिसरामला वाटलं चिखलच चिकटलाय, म्हणून त्यानं तो खरवडला. खाली लाल मांस दिसलं आणि पाण्यासारखी लस यायला लागली. मग काय, बिसरामनं उपचार आरंभले! रिठ्याच्या पाण्यानं धू. कडुनिंबाच्या पाण्यानं धू. हळद कालव, ओल्या फडक्यानं बांध, रात्रभर राहू दे, सकाळी सोडून पुन्हा धू. जितकं चिघळे तितकं जास्त धुई. पांढऱ्या केसांच्या झुपक्याखाली पाय सुजले, भेगा पडल्या, वास यायला लागला. हात लावायला गेलं की कल्याणी, जिनं उभ्या जन्मात कान मागे केले नव्हते, ती पाय उचलून धरायची आणि अंग थरथरवायची.

"दुखते माय, दुखते," बिसराम तिच्या मानेला कपाळ टेकून म्हणायचा, आणि पुन्हा पाण्याची बादली आणायचा.

शेवटी एका नाल्याच्या उतरणीवर ती अडखळली. पडली नाही, सावरली. पण पेटाऱ्यातून खळ्ळकन् आवाज झाला आणि बिसराम खाली उतरला. उघडून बघतो तो दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्यांचा अख्खा तोडा चुरा झालेला. बांगड्यांचं त्याला काही वाटलं नाही. पण घोडी मान वळवून त्या आवाजाकडे बघत होती, आणि त्याला वाटलं, हिला लाज वाटतेय. तो तिथंच धुऱ्यावर बसून रडला. मोठा गुलाबी पागोटेवाला कासार, पोरासारखा रडला.

मूळ गोंदियाचा मुन्नालाल तांगेवाला यात टपून होताच. ठेसनावर सवाऱ्या सोडायला आला की कल्याणीकडे बघून म्हणायचा, "दे डालो बिसराम भैया. तांगे में जुतेगी तो लंगड़ाती हुई भी चलेगी." मुन्नालालचे घोडे कसे चालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाबकावर चालत, आणि मग एक दिवस रस्त्यातच बसत. पण लंगडी घोडी घेऊन कासार तरी काय करणार? सुमित्रा चूल फुंकता फुंकता म्हणाली, "आयकता का जी, मले काय ते जनावर जड झालं नाई. पन तिचे हाल पाहवत नाई. तीजेपर्यंत वाट पाहा. नाई सुधरली तं मंग…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. बिसरामनं मुन्नालालला तसंच सांगितलं: तीजेपर्यंत.

मोहाटोल्याच्या बायांना त्यानं शब्द दिला होता, म्हणून एक फेरी करणं भाग होतं. घोडीवर भार घालवेना. एक पेटारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि कल्याणीला रिकामीच बरोबर नेलं, कारण घरी बांधली तर ती दावं तोडायला बघे. अशी ती जोडी, एक लंगडत, एक डोक्यावर काच तोलत, जंगलाच्या कडेनं मोहाटोल्याशी पोचली. शिवेवर बोडी होती. सवय जाते कुठं! बिसरामनं पेटारा उतरवला, जाळी काढली आणि घोडीला पाण्यात घालायला लागला.

"अगा ए कासारभाऊ! काऊन छळून राहिला गा त्या मुक्या जनावराले?"

बांधीतून दुर्पता वर आली. दुर्पता म्हणजे मोहाटोल्याच्या रोवणेकरीण बायांची म्होरकी. गोंडाची बाई, उंच, उभट चेहऱ्याची, कपाळावर गोंदण. तिच्या मागं बायांची सगळी रांग चालायची आणि तिनं गाणं उचललं तरच गाणं उचलायची. बिसरामकडून ती दरवर्षी बांगड्या भरायची आणि दरवर्षी घासाघीस करून एक फुकट घ्यायची. तिचं तोंड म्हणजे तोंड होतं, सांगून ठेवतो.

"छळत नाई बाई, धुऊन राहिलो," बिसराम म्हणाला. "पाय चिघळले ना तिचे."

दुर्पतानं घोडीच्या पायाशी बसून बघितलं. हात नाही लावला, नुसतं बघितलं, वास घेतला. मग तिनं मान वर केली. "कितीदा धूतेस?"

"गावागावाले."

"आन् घरी?"

"सकारी, सांजी. आन् रातभर ओली पट्टी."

दुर्पतानं कपाळावर हात मारला. मग तिनं लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि आपला चिखलानं भरलेला पाय धुऱ्यावर ठेवला. "हे काय होय, सांग."

"पाय होय."

"हौ, मोठा शाना हायेस. बोटाच्या मंदात पाय."

बोटांच्या बेचक्यात जुन्या भेगांचे फिकट वण होते. बिसराम कितीतरी वर्षं या बाईचा हात हातात घेत आला होता. तिच्या मनगटाचं माप त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण पाय आज पहिल्यांदाच बघत होता.

"चिखल्या," दुर्पता म्हणाली. "दरवर्सी होतेत. तुह्या घोडीले बी त्याच झाल्या. आमी रोवना लावतो ना, दिवसभर चिखलात असतो. चिखल काई करत नाई गा. घरी येऊन जे बाई ओल्या पायानं झोपते, तिचे पाय सडतेत. तुई घोडी तं जलमाची ओली हाये. तिचे पाय तुवा सुकू कधी देल्ले?"

 बिसरामनं हातातल्या जाळीकडे बघितलं. बघता बघता त्याला सगळ्या बोड्या आठवल्या असतील, सगळ्या गावांच्या शिवा, आणि त्या पाण्यात निमूट उभी राहणारी घोडी.

"मंग… मंग म्याच केलं हे?"

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, जाऊ दे भाऊ. दुर्पता म्हणाली, "हौ, तुवाच केलं. आता रडू नोको, घोडी सावलीत आन."

मोहाटोल्यात दुर्पताच्या घरामागं उंच ओटा होता, मोहाची फुलं वाळवायचा, वर छप्पर घातलेला. त्यावर बायांनी कोरडं तणस जाडसर पसरलं आणि घोडीला चढवलं. मग दुर्पतानं बिसरामपुढं हात केला. "कातर दे. बांगड्याचे धागे कापतेस ते."

"कायले?"

"केस कापाले. या झुपक्यात पानी अडकते. सुकन कसं?"

आणि इथं बिसराम अडला. बाकी सगळं मान्य, पण ते पांढरे केस! त्याच पांढरेपणावर तर ती पंचकल्याणी होती. कापले तर ती काय राहणार, एक साधी तांबडी घोडी? बाया कपाळाला काय लावणार? तो घोडीच्या पायांआड उभाच राहिला, दोन्ही हात पसरून, जणू काही घोडीचं लग्न मोडायला कोणी आलंय.

दुर्पताला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "पाय पाहा तिचे, भाऊ," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "पायच राह्यले नाई तं पांढरं कायले लावशीन?"

बिसरामनं कातर तिच्या हाती दिली नाही. स्वतःच खाली बसला आणि स्वतःच्या हातानं केस कापले. एकेक झुपका तणसावर पडत होता आणि बाया वाकून बघत होत्या. केसांखाली जे दिसलं ते बघून एक-दोघींनी तोंड फिरवलं.

पुढचं मात्र दुर्पतानं केलं, आणि ते बघण्यासारखं होतं. पाणी उकळून कोमट केलं, त्यात कडुनिंब. एकदाच, शेवटचं, हलक्या हातानं पाय धुतले. मग चुलीवर गरम केलेल्या फडक्यांनी टिपले. घासणं नाही, नुसतं टिपणं, एक फडकं ओलं झालं की दुसरं, अगदी खोबणीच्या आत बोट घालून. मग टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, खपल्यांवर सोडलं. बिसराम खपली काढायला गेला तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "ओढू नोको! तेलानं नरम होतीन, आपल्याच पडतीन. ओढलं तं नवी जखम." घोडीशी ती गोंडीत काहीतरी पुटपुटत होती. कल्याणीनं पहिल्यांदा पाय उचलला, दुसऱ्यांदा उचलायचा विचार केला, आणि मग डोकं खाली घालून दुर्पताच्या खांद्यावर ओठ ठेवले. बिसरामच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच्या डोळ्यांना त्या दिवसांत तेवढंच काम होतं.

"इथंच राहू दे तिले," दुर्पता म्हणाली. "तुयाकडं ठेवली तं तू धूशीन. तुया हातावर मायाच भरवसा नाई."

निघताना त्यानं बघितलं, दुर्पतानं घरातून एक गाडगं आणलं. आत पिवळसर, घट्ट, मलमासारखं काहीतरी. "मोहळाचं मेन आन् करंजीचं तेल," ती म्हणाली. "जखम भरली का हे लावीन. कोरड्या पायाले लावाचं, चिखलात जायाच्या आंधी. मंग पानी आत शिरत नाई. तू बी शिकून घे, घरी करजो." बिसरामनं कसं करायचं ते विचारून घेतलं. ते मेण कोणासाठी ठेवलं होतं, हे काही विचारलं नाही. घोडीच्या पलीकडं त्याला त्या दिवशी काही दिसतच नव्हतं.

मग कासारबुवा पायी फिरले. जन्मात पहिल्यांदा! पेटारा डोक्यावर, धोतर वर खोचलेलं, आणि दवनीवाड्याकडच्या त्या चिकट काळ्या बांध्यांतून पोटऱ्यांपर्यंत चिखल. गुलाबी पागोट्याचा रंग पेटाऱ्याखाली उतरून कपाळावर आला. लोक म्हणत, "का गा बिसराम, घोडी कोठी गेली? का आता तूच घोडी?" तो हसून घ्यायचा. आणि खोड काय सुटते! प्रत्येक शिवेवर बोडीत उतरून आपले पाय धुवायचा, ओल्याच पायांनी पुढं निघायचा.

थोड्याच दिवसांत त्याच्या बोटांच्या बेचक्यात आग व्हायला लागली. मग कातडी पांढरी पडून सोलली. मग प्रत्येक पावलाला असं वाटे की कोणी काच भरलीय. घरी आला तो उंबऱ्यातच बसला.

सुमित्रानं पाय बघितले आणि तोंडाला पदर लावून हसली. "घोडीचा रोग मालकाले लागला वाटते!"

"हासू नोको व," बिसराम कळवळून म्हणाला. "मले आज समजलं. ते अशी चालली. अशी चालली ते, सुमित्रा, आन् मायावर एकदा बी लाथ उगारली नाई."

सुमित्राचं हसू गेलं. तिनं चुलीवर गरम केलेलं फडकं आणलं, आणि नवऱ्याचे पाय टिपायला बसली. नंतर बिसरामनं सांगितलं तसं करंजीचं तेल गरम करून बाजारातून आणलेलं मेण त्यात वितळवलं आणि एक डबा भरून ठेवला. "हे घोडीचं हाये," त्यानं बजावलं. "तुमाले बी लावते," ती म्हणाली आणि लावलं.

तीज तोंडावर आली तेव्हा तो मोहाटोल्याला गेला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढं मुन्नालालचा तांगा. ओट्यावर घोडी नव्हती.  तेवढ्यात मागून खुरांचा आवाज आला. दुर्पताच्या भाच्याबरोबर कल्याणी रानातून येत होती, पाठीवर सरपणाच्या दोन मोळ्या, आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं बरबटलेले.

"अरे, अरे!" बिसराम धावला. "हे काय केलं? चिखल! पानी आना!"

"खबरदार!" दुर्पता दारातून ओरडली. "हात लावला तं बघ!"

तिनं घोडीला ओट्यावर उभं केलं, चारा टाकला आणि खुशाल कामाला लागली. चिखल तसाच. बिसराम समोर बसून राहिला, हात मांडीखाली दाबून, कारण ते हात जाळी शोधत होते. ऊन आलं, ऊन गेलं. चिखल पांढुरका झाला, त्याला चिरा पडल्या. तेव्हा दुर्पतानं तणसाची घट्ट पेंढी वळली आणि वरून खाली एक हात मारला. भुसभुशीत मातीची धूळ उडाली. आणखी एक हात. आणि खाली दिसली कोरडी, गुलाबीसर, निरोगी कातडी. भेगा मिटलेल्या. खपल्यांचं नाव नाही. आणि तिच्यावर नव्या केसांचे बारीक कोंब फुटलेले. पांढरेच!

बिसरामनं बोट फिरवलं. कल्याणीनं पाय उचलला नाही. ती चारा खात होती.

 त्यानं दुर्पताकडे बघितलं, त्या उंच, काटक, चिखलानं माखलेल्या बाईकडे. हिला कोणी वैद्य म्हणत नव्हतं, ही कुठं शिकली नव्हती, आणि ही त्याची सगळी दौलत त्याला परत देत होती, जणू उसनी सुपली परत करावी तशी. "बाई," एवढंच तो म्हणाला. "बाई…"

"घेऊन जाय आता," दुर्पता म्हणाली. "आन् बांगड्या घेऊन ये लवकर. पोरी वाट पाहून राहिल्या."

तिरोड्यात शिरताना कल्याणीचे पाय चिखलानं भरलेले होते आणि बिसराम बैठकीवर ताठ बसला होता. वाटेत बोडी लागली तेव्हा घोडी आपणहून थांबली. त्यानं टाच मारली आणि पुढं काढली. बाजारातले लोक बघत राहिले. मुन्नालाल तांग्याशी उभा होता. "अरे, ये तो बैलगाड़ी का जानवर लगता है!" तो म्हणाला. "क्या हुआ पंचकल्याणी को?"

"ठणठणीत हाये," बिसराम म्हणाला. "चिखल दिसून राहिला ना तुमाले? तोच पाहा. आन् तांगा पुढं घ्या जरा, वाट द्या."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेटारे भरून तो निघाला. मोहाटोल्यात बाया ओट्यावर बसल्याच होत्या. नव्या नवरीला घोडीच्या पायाला हात लावायला आणलं, तिनं मळक्या पायाकडे बघून सासूकडे बघितलं. "लाव, लाव," बिसराम म्हणाला, "मातीच होय, निघून जाते." पेटारे उघडले. एकही बांगडी फुटली नव्हती. हिरव्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या तणसातून निघाल्या आणि सगळा ओटा किणकिणला. एकेक मनगट भरत गेलं.

शेवटी दुर्पता पुढं आली. बसताना तिनं भिंतीला हात टेकला, एक पाय आधी टेकवून बघितला, मग त्याच्यावर भार दिला. बिसरामच्या हातातली बांगडी थांबली. हे चालणं त्याच्या ओळखीचं होतं. नाल्याच्या उतरणीवर बघितलं होतं, स्वतःच्या पायांत भोगलं होतं. त्यानं आजूबाजूला बघितलं. बाकीच्या बायाही अशाच पाय लुगड्यात ओढून बसल्या होत्या. उघड्या दारातून दिसणाऱ्या चुलीशेजारी ते मेणाचं गाडगं उपडं घातलेलं होतं, घासून पुसून, रिकामं.

दुर्पतानं हात पुढं केला. "भर. आन् यंदा दोन फुकट घेईन."

बिसरामनं हात धरला नाही. "आंधी पाय दाखव," तो म्हणाला.

"कायले? हात भराले आलास का पाय?"

"दाखव म्हनतो ना."

तिनं दाखवला नाही, म्हणून त्यानंच लुगड्याचा काठ बाजूला केला. बोटांच्या बेचक्यांत लाल भेगा होत्या, टाचेच्या वर कातडी सोललेली. बायांना साऱ्या रोवण्याला पुरायचं मेण त्या गाडग्यात होतं, उन्हाळ्यातल्या मोहळाचं, रानात पुन्हा उन्हाळ्यापर्यंत न मिळणारं. ते घोडीच्या चार पायांना लागलं होतं, आणि बाया उघड्या पायांनी चिखलात उतरल्या होत्या.

"कोनी बोललं नाई मले," बिसराम म्हणाला. 

"तुले सांगून काय होत होतं? तू रडला असता," दुर्पता म्हणाली. बाया हसल्या. "आमाले सवय हाये गा. तिले नव्हती."

बिसरामनं डोक्यावरचं गुलाबी पागोटं उतरवलं. ते कोरडं होतं, तेवढंच कोरडं होतं त्याच्याजवळ. त्यानं दुर्पताचा पाय मांडीवर घेतला आणि पागोट्याच्या पदरानं टिपायला लागला. घासलं नाही, टिपलं, एकेक बोट सोडवून. मग पेटाऱ्यातून सुमित्रानं दिलेला डबा काढला.

"हे तं घोडीचं हाये ना?" दुर्पतानं विचारलं. "आता घोडीचं आमाले लावशीन?"

"तुमचं घोडीले लागलं ना," बिसराम म्हणाला.

त्यावर दुर्पतानं, त्या दुर्पतानं, दुसरा पायही आपणहून पुढं केला. बांगडी चढवताना कासार हात जसा मऊ दाबतो, तसाच त्यानं तिचा पाय धरला होता. एक पाय झाला, दुसरा घेतला. ओट्याखाली कल्याणी आपल्या मळक्या पायांवर निवांत उभी होती. मग दुर्पतानं पदरानं तोंड पुसलं, जरा बाजूला सरकली आणि मागच्या बायांना म्हणाली, "या व, बसा रांगेनं. कासारभाऊ पाय पाहून राहिला."